पासंगाचा खेळाडू

आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्ली हे गाव मराठी माणसाला अगदी परके नाही. जवळच्या केसलापूरला पौष अमावास्येस गोंड बांधवांच्या नागोबाची जत्रा भरते, आणि त्या मुलखाच्या बाजारात गोंडी, तेलुगू आणि मराठी या तिन्ही भाषा कानांवर पडतात. अशा बाजारातील जुन्या तराजूची एक गंमत असते. दोन्ही पारडी रिकामी असूनही दांडी एका बाजूस कलली, तर दुकानदार हलक्या पारड्यात एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा टाकून ती समतोल करतो. या तुकड्याला पासंग म्हणतात. त्याला स्वतःची किंमत नसते. म्हणूनच एखाद्याची दुसऱ्याशी तुलनाच होऊ शकत नाही असे सांगावयाचे असले, की ‘तो याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असे आपण म्हणतो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याच राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, एक वेगळा तराजू धरला गेला. सनरायझर्स हैदराबाद या क्रिकेट संघाने आपला सलामीचा फलंदाज शिखर धवन दिल्लीच्या संघास दिला आणि त्याच्या बदल्यात तीन खेळाडू घेतले. विजय शंकर, शाहबाज नदीम आणि अभिषेक शर्मा ही त्यांची नावे. त्याच वर्षीच्या लिलावात धवनला ५ कोटी २० लाख रुपयांची बोली लागली होती. शंकर आणि नदीम यांना प्रत्येकी ३ कोटी २० लाखांची, तर अभिषेकला ५५ लाखांची. धवन हा भारतीय संघातला नावाजलेला फलंदाज, २०१६ साली हैदराबादने मिळवलेल्या विजेतेपदाचा एक भागीदार. शंकर अष्टपैलू, नदीम अनुभवी फिरकी गोलंदाज. आणि अभिषेक? अमृतसरचा अठरा वर्षांचा मुलगा. त्याने एका सामन्यात १९ चेंडूंत नाबाद ४६ धावा काढल्या होत्या हे खरे, पण एवढ्यावर कोणी कोणाचे भविष्य वर्तवीत नाही. व्यवहारात त्याची जागा पासंगाची होती.

आता ही अदलाबदल म्हणजे काय, ते थोडे स्पष्ट केले पाहिजे. लिलावाची रीत सर्वांना ठाऊक आहे. तेथे निदान बोली उघड असते आणि अनेक ग्राहक एकमेकांवर नजर ठेवून असतात. अदलाबदलीत दोनच पक्ष असतात, दार बंद असते, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो बहुधा त्या खोलीत नसतो. भारतात हा प्रकार नवा असला, तरी उत्तर अमेरिकेत त्याला शंभर वर्षांहून अधिक जुना इतिहास आहे. त्यातही बर्फावरची हॉकी हा खेळ या बाबतीत फार श्रीमंत आहे. पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून, रबरी चकतीमागे विजेच्या वेगाने धावणाऱ्या या खेळात कॅनडा आणि अमेरिका येथील धंदेवाईक संघांनी शेकडो खेळाडू एकमेकांना दिले-घेतले आहेत. त्यांतल्या काही व्यवहारांत एक पारडे असे काही खाली गेले, की दुसऱ्या बाजूच्या माणसांना ते आयुष्यभर ऐकून घ्यावे लागले.

१५ मे १९६७ चा व्यवहार पाहा. शिकागोने फिल एस्पोझिटो, केन हॉज आणि फ्रेड स्टॅनफील्ड हे तीन खेळाडू बॉस्टनला दिले आणि जिल मारोट, पिट मार्टिन व जॅक नॉरिस यांना घेतले. शिकागोचे कारभारी मूर्ख नव्हते. त्यांचा संघ त्या हंगामात साखळीत पहिला आला होता. परंतु स्टॅन्ले चषकाच्या बाद सामन्यांत एस्पोझिटोच्या नावावर एकही गोल लागला नव्हता. बॉबी हल या बलाढ्य खेळाडूच्या शेजारी खेळतो म्हणून त्याचे गोल होतात, असा समज होता. मारोट तरुण होता, धिप्पाड होता, बचाव बळकट करील अशी आशा होती. त्या दिवशी तराजूची दांडी सरळच दिसत होती. पुढे दोनच वर्षांत, १९६८-६९ च्या हंगामात, एस्पोझिटोने १२६ गुण मिळवले. एका हंगामात गुणांची शंभरी ओलांडणारा तो त्या साखळीतला पहिला खेळाडू. १९७०-७१ मध्ये त्याने ७६ गोल केले, आणि बॉस्टनने १९७० व १९७२ या दोन्ही वर्षी स्टॅन्ले चषक जिंकला. हे सर्वांना आठवते. पण तिसऱ्या-चौथ्या ओळीत छापल्या गेलेल्या केन हॉजचे काय? त्यानेही १९७०-७१ साली शंभराहून अधिक गुण मिळवले आणि पुढे एका हंगामात पन्नास गोल केले. नुसता हॉज मिळाला असता तरी बॉस्टनचा सौदा वाया गेला नसता.

१९६० सालचा रेड केलीचा किस्सा याहून निराळा आहे, आणि अधिक जिव्हाळ्याचा. डेट्रॉईटच्या संघाला चार वेळा स्टॅन्ले चषक जिंकून देण्यात या बचावपटूचा वाटा होता. आधीच्या हंगामात संघाच्या सांगण्यावरून आपण पायाचे हाड मोडलेले असतानाही खेळलो, असे तो एका वार्ताहराशी बोलून गेला. ते छापून आले. संघाचे व्यवस्थापक जॅक ॲडम्स संतापले आणि त्यांनी केलीला तत्काळ न्यूयॉर्कच्या संघाशी बदलून टाकले. केलीने जाण्यास साफ नकार दिला. खेळ सोडतो, पण जात नाही, असे सांगून तो घरी बसला. व्यवहार मोडला. काही दिवसांनी टोरोंटोने विचारणा केली, केली राजी झाला आणि त्याच्या बदल्यात डेट्रॉईटला मार्क रोम हा एक तरुण बचावपटू मिळाला. रोम डेट्रॉईटकडून पुरते पन्नास सामनेही खेळला नाही. टोरोंटोने केलीची जागा बदलून त्याला आघाडीच्या मध्यभागी आणले आणि १९६२, १९६३, १९६४ व १९६७ असे चार चषक जिंकले. मधल्या काळात केली कॅनडाच्या संसदेतही निवडून गेला. अधिवेशन आणि सराव या दोन्ही गोष्टी त्याने काही वर्षे सांभाळल्या. जो माणूस ‘नाही’ म्हणू शकला, त्याच्या बाबतीत सौदा इतका एकतर्फी ठरावा, यात निव्वळ योगायोग नसावा. मन लागलेल्या जागी माणूस वेगळा खेळतो.

तथापि पासंगाची खरी कथा एरिक लिंड्रोसच्या व्यवहारात आहे. १९९१ साली क्विबेकच्या संघाने नवोदितांच्या निवडीत त्याला सर्वांत पहिला निवडला. हा उंचापुरा मुलगा पुढच्या पिढीचा राजा होणार, असे सारे जाणते सांगत होते. लिंड्रोसने क्विबेककडून खेळण्यास नकार दिला आणि वर्षभर तो हटला नाही. अखेर जून १९९२ मध्ये क्विबेकच्या चालकांनी त्याला एकाच वेळी दोन संघांना देऊ केले! फिलाडेल्फिया म्हणे तो आमचा, न्यूयॉर्क म्हणे तो आमचा. लवाद नेमावा लागला आणि निकाल फिलाडेल्फियाच्या बाजूने लागला. एका लिंड्रोससाठी फिलाडेल्फियाने सहा खेळाडू, पहिल्या फेरीतील निवडीचे दोन हक्क आणि दीड कोटी डॉलर मोजले. त्या सहांत गोलरक्षक रॉन हेक्स्टॉल होता, माईक रिची होता, स्टीव्ह ड्यूशेन होता. आणि स्वीडनमध्ये खेळणारा, त्या साखळीत एकही सामना न खेळलेला पीटर फोर्सबर्ग हा एक मुलगाही होता. तोही अठराच वर्षांचा.

लिंड्रोस वाईट निघाला नाही. १९९५ साली तो साखळीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि १९९७ मध्ये त्याने फिलाडेल्फियाला अंतिम फेरीत नेले. पण डोक्याला झालेल्या वारंवार दुखापतींनी त्याची उमेदीची वर्षे खाल्ली; चषक त्याच्या हाती कधीच आला नाही. इकडे फोर्सबर्ग पहिल्याच हंगामात उत्कृष्ट नवोदित ठरला आणि त्याच्या संघाने १९९६ व २००१ साली स्टॅन्ले चषक जिंकला. मात्र या विजयाचा घास क्विबेकच्या लोकांच्या तोंडी पडला नाही. १९९५ च्या उन्हाळ्यात संघ विकला गेला होता आणि अमेरिकेतील डेन्व्हर शहरी कोलोराडो या नावाने खेळू लागला होता. सौदा जिंकला क्विबेकने, आणि मिरवणूक निघाली दीड-दोन हजार मैलांवरच्या गावात.

या खेळात याहून चमत्कारिक व्यवहारही आहेत. विनिपेगने क्रिस ड्रेपर हा खेळाडू १९९३ साली डेट्रॉईटला एका डॉलरला दिला, आणि तो तेथे चार वेळा विजेत्या संघात होता. २९ वर्षांच्या वेन ग्रेट्स्कीला, त्या खेळातल्या सर्वश्रेष्ठ पुरुषाला… पण येथे आकडा दुरुस्त केला पाहिजे; ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटनने त्याला लॉस एंजेलिसला दिले तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता. निरोपाच्या सभेत त्याला रडू आवरेना. हा करार सरकारने रोखावा, अशी मागणी कॅनडाच्या एका खासदाराने केली, यावरून लोकांच्या मनाची कल्पना यावी.

आपल्याकडे हे सारे परके वाटते. परंतु खेळाडू एका पारड्यातून दुसऱ्या पारड्यात जाण्याचा प्रकार महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिला आहे, आणि त्यात दुसऱ्या पारड्यात काहीच पडले नव्हते. विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म १९१५ साली सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. १९३९-४० च्या रणजी स्पर्धेत पुण्याला महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. भारतीय फलंदाजाने प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये काढलेले हे पहिले त्रिशतक. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी रणजी करंडक जिंकला. देवधर हे पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि पन्नाशीला टेकले असतानाही शतके काढीत, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

हजारे यांचे ते त्रिशतक कोणाविरुद्ध होते? बडोद्याविरुद्ध. आणि पुढे लवकरच हजारे खेळू लागले तेही बडोद्याकडूनच. तो संस्थानांचा काळ होता. क्रिकेटवर पोट भरत नसे. खेळाडूला नोकरी लागे, आणि ती देण्याची ऐपत दरबारांची होती. बडोद्याच्या गायकवाडांनी हजारे यांना आसरा दिला. इंदूरच्या होळकरांनी कर्नल सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांना आपलेसे केले. यात कोणी कोणाला फसवले नाही. शिक्षकाच्या घरातल्या, आठ भावंडांतल्या मुलाने बेभरवशाच्या कौतुकापेक्षा भरवशाची भाकरी निवडली, तर त्याला कोणत्या तोंडाने दोष द्यावा? १९४२-४३ मध्ये बडोद्याने हैदराबादला हरवून रणजी करंडक जिंकला. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात समोर होळकरांचा संघ असताना हजारे यांनी २८८ आणि गुल महंमद यांनी ३१९ धावा काढून चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी रचली. जगातील कोणत्याही गड्यासाठीचा हा विक्रम २००६ सालापर्यंत अबाधित होता. दोन मराठी राजघराण्यांच्या संघांत हा सामना रंगला, आणि महाराष्ट्र नावाचा संघ मात्र त्यात नव्हता. १९४०-४१ नंतरच्या आठ दशकांत महाराष्ट्राने अंतिम फेरी गाठली, पण करंडक पुन्हा पुण्यात आला नाही. याचे खापर एका स्थलांतरावर फोडणे अन्यायाचे होईल. तरीही जमाखर्चाच्या वहीत त्या पानावर जमेची बाजू कोरी आहे, हे खरेच.

संस्थाने गेली; २००८ साली शहरांच्या नावांचे, मालकीचे संघ आले आणि लिलावाचा हातोडा वाजू लागला. दुसऱ्याच वर्षी अदलाबदल सुरू झाली. श्रीरामपूरचा झहीर खान बंगलोरकडून मुंबईकडे आला आणि रॉबिन उथप्पा मुंबईकडून बंगलोरकडे गेला. हा व्यवहार बरोबरीचाच म्हणावा लागेल. याच वेळी दुसराही एक झाला, तो आज विसरला गेला आहे. मुंबईने आशीष नेहराला दिल्लीस दिले आणि त्याच्या बदल्यात एक तरुण डावखुरा सलामीवीर घेतला. त्याचे नाव शिखर धवन. नेहराला दिल्लीत नवा जन्म मिळाला. तो भारतीय संघात परतला आणि २०११ च्या विश्वचषकात पाकिस्तानविरुद्ध उपांत्य सामना खेळला. धवनला मुंबईत पहिल्या हंगामात थोडेच सामने मिळाले. अर्थात धवन २०१८ मध्ये दुसऱ्यांदा बदलला गेला तेव्हा हा तराजू त्याने आधी एकदा पाहिलेला होता.

नोव्हेंबर २०१९ मधील एका व्यवहाराची महाराष्ट्रात बरीच चर्चा झाली. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे जन्मलेला अजिंक्य रहाणे राजस्थानकडून दिल्लीकडे गेला. राजस्थानचा तो अनेक वर्षांचा आधारस्तंभ आणि काही काळ कर्णधारही होता. बदल्यात राजस्थानला मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया मिळाले. कसोटी संघाच्या उपकर्णधारासाठी दोन होतकरू फिरकी गोलंदाज. त्यातही मार्कंडेचे नाव आधी, तेवतियाचे मागून. २७ सप्टेंबर २०२० च्या रात्री शारजात पंजाबने राजस्थानपुढे २२४ धावांचे लक्ष्य ठेवले होते. वरच्या क्रमांकावर पाठवलेला तेवतिया २३ चेंडूंत १७ धावाच काढू शकला. घरोघरी लोक त्याला बाद होऊन परत जाण्याची विनंती करीत होते, असे म्हटले तरी चालेल. आणि मग शेल्डन कॉट्रेलच्या एका षटकात त्याने पाच षटकार मारले. ३१ चेंडूंत ५३ धावा करून तो परतला. सामना राजस्थानने जिंकला. रहाणेला त्या हंगामात दिल्लीकडून नऊच सामने मिळाले आणि पुढच्या हंगामात दोनच.

येथे रहाणे तोट्याचा सौदा ठरला असे लिहून मोकळे होणे सोपे आहे. पण शारजातील त्या रात्रीनंतर तीनच महिन्यांनी, विराट कोहली मायदेशी परतल्यावर, याच रहाणेने मेलबर्नला शतक काढले आणि नेतृत्व करून ऑस्ट्रेलियातील मालिका २-१ अशी जिंकून दिली. २०२३ च्या हंगामासाठी चेन्नईने त्याला ५० लाखांच्या मूळ किमतीस घेतले आणि तो त्या वर्षी विजेत्या संघाचा झपाट्याने धावा करणारा फलंदाज ठरला. एका मालकाच्या पारड्यात जो हलका पडला, तो दुसऱ्याच्या पारड्यात तोच माणूस असूनही जड झाला. तराजू माणसाचे वजन सांगत नाही; त्या संघात त्याच्यासाठी किती जागा रिकामी होती, एवढेच सांगतो.

त्याच नोव्हेंबरमध्ये दिल्लीने न्यूझीलंडचा गोलंदाज ट्रेंट बोल्ट मुंबईला देऊन टाकला. वर्षभरात, १० नोव्हेंबर २०२० रोजी, दुबईच्या अंतिम सामन्यात मुंबईसमोर उभी होती ती दिल्लीच. बोल्टने सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर गडी घेतला, एकूण तीन बळी मिळवले आणि तो सामनावीर ठरला. दिल्लीकरांना यावर अधिक काही सांगण्याची गरज नाही.

आणि खेळाडूच्या इच्छेचे काय? नियमानुसार अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते. हा नियम केलीच्या काळातल्या रिवाजापेक्षा माणुसकीचा आहे. पण संघ बदलण्याची इच्छा खेळाडूच्या बाजूने आली, तर ती तितकीशी गोड मानली जात नाही. २०१० साली राजस्थानच्या रवींद्र जडेजाने करार नूतन न करता दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली, म्हणून त्याला संपूर्ण हंगामापुरते बाहेर ठेवण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईने त्याच जडेजाला, सॅम करनसह, राजस्थानला दिले आणि संजू सॅमसनला घेतले. या व्यवहारात जडेजाचे मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आले. पंधरा वर्षांपूर्वी ज्या दारातून तो जाऊ पाहत होता, त्याच दारातून त्याला परत आणण्यात आले. चूक ठरली होती ती जाणे नव्हे, स्वतःहून विचारणे.

हैदराबादच्या सौद्याकडे परत येऊ. पहिली तीन वर्षे तो उघडउघड दिल्लीचा होता. धवनने २०१९ मध्ये ५२१ आणि २०२० मध्ये ६१८ धावा काढल्या. ८ नोव्हेंबर २०२० रोजी अबुधाबीत अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर दिल्लीची गाठ हैदराबादशीच पडली. धवनने ७८ धावा केल्या, दिल्ली १७ धावांनी जिंकली आणि इतिहासात प्रथमच अंतिम फेरीत गेली. हैदराबादच्या चाहत्यांना त्या रात्री काय वाटले असेल? शंकर २०१९ च्या विश्वचषकाला जाऊन आला होता आणि नदीमने त्याच वर्षी रांचीला कसोटीत पदार्पण केले होते. पण हैदराबादला धवनचा मोबदला त्या दोघांतून वसूल झाला नव्हता. अभिषेक कधी खाली, कधी मधल्या फळीत, कधी राखीव. २०२२ मध्ये त्याला सलामीला पाठवले गेले आणि त्याने चारशेहून अधिक धावा काढल्या. २०२४ मध्ये त्याने एका हंगामात ४२ षटकार मारले आणि हैदराबाद अंतिम सामन्यापर्यंत गेले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये धवनने निवृत्ती जाहीर केली.

१२ एप्रिल २०२५ रोजी हैदराबादच्या मैदानावर पंजाबने २४५ धावा केल्या होत्या. अभिषेकने ५५ चेंडूंत १४१ धावा काढल्या. या स्पर्धेत भारतीय फलंदाजाने तोवर इतकी मोठी खेळी केली नव्हती. शतक पूर्ण होताच त्याने खिशातून एक कागद काढून प्रेक्षकांपुढे धरला. ही खेळी नारिंगी सेनेसाठी, अशा अर्थाचा मजकूर त्यावर इंग्रजीत लिहिलेला होता. नारिंगी हा हैदराबादच्या संघाचा रंग. कागद आधीच लिहून तयार होता. शतकाची वाट पाहत तो काही सामने खिशातच राहिला होता.